आत्मविश्वासाचा बाजार आणि श्रमिकांची वाचा

व्यक्तिमत्त्व-विकासाचे वर्ग आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानकासमोरच्या भिंतीवरही त्यांचे फलक झळकू लागले आहेत. आत्मविश्वास वाढवा, संभाषणकौशल्य मिळवा, यशस्वी व्हा, अशी या वर्गांची त्रिसूत्री असते. वरकरणी ही त्रिसूत्री निरुपद्रवी वाटते. तथापि तिच्या पोटात एक आर्थिक सिद्धान्त दडलेला आहे आणि तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. तरुणाला काम मिळत नाही याचे कारण कामेच नाहीत हे नसून, त्याला बोलता येत नाही हे होय, असा तो सिद्धान्त. तो एकदा मान्य केला की बेकारी हा अर्थव्यवस्थेचा दोष राहत नाही. तो बेकाराच्या स्वभावाचा दोष ठरतो आणि त्यावरचा इलाज विकत घेण्याची जबाबदारीही बेकारावरच पडते.

सरकारी आकडे काय सांगतात? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०११-१२ साली देशातील बेकारीचे प्रमाण २.२ टक्के होते. २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत ते ६.१ टक्के निघाले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धतींत फरक आहे, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. या सहा वर्षांत भारतीय तरुणांचा आत्मविश्वास एक तृतीयांशावर आला, असे कोणी म्हणणार आहे काय? याच काळात त्यांच्यातील शिक्षणाचे प्रमाण वाढले होते. घटली होती ती कामाची संधी.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे ४८०० अर्ज पाठविले आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. अर्जदारांची पात्रता तुल्य होती. वेगळी होती ती फक्त नावे. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत, पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची अनुकूलता दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ एवढीच निघाली. यांतील एकाही अर्जदाराने तोंड उघडले नव्हते. कोणाचा उच्चार चुकला नव्हता की कोणाची नजर खाली झुकली नव्हती. मुलाखतीची वेळच आली नव्हती! त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी चर्चा केली. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हे व्यवस्थापक उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमीही तितक्याच अगत्याने विचारत होते. म्हणजे ज्याला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून गुण दिले जातात, त्यातला मोठा वाटा बापाच्या नोकरीचा, आईच्या शिक्षणाचा आणि घरातल्या भाषेचा असतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही शिल्लक सहा आठवड्यांच्या वर्गात भरून निघेल, असे आश्वासन देणे ही निव्वळ फसवणूक आहे.

या व्यापाराचा उगमही लक्षात घेण्यासारखा आहे. डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये भाषणकलेचे वर्ग सुरू केले. पण मित्र जोडण्याची आणि लोकांवर छाप पाडण्याची युक्ती सांगणारे त्यांचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले ते १९३६ साली, महामंदीच्या ऐन काळात. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. अशा काळात हसतमुख राहावे, समोरच्याचे नाव लक्षात ठेवावे, वाद टाळावा, हा उपदेश लाखोंनी विकत घेतला. परंतु त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. ४४ दिवसांनी त्या बलाढ्य कंपनीला कामगार संघटनेस मान्यता द्यावी लागली आणि सभासदांच्या वतीने बोलण्याचा संघटनेचा हक्क कबूल करावा लागला. एकाच मंदीतून निघालेले हे दोन मार्ग. एकाने माणसाला मालकापुढे गोड बोलायला शिकविले. दुसऱ्याने मालकाला ऐकायला भाग पाडले.

महाराष्ट्राला तर यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. १८९० च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरली, तेव्हा आठवड्याच्या सुट्टीच्या मागणीवर दोन कामगार स्त्रियांनी जोरदार भाषणे केली. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासमवेत ज्या हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांतील अनेकींनी तोवर चारचौघांत आवाजही चढविला नसेल. यांपैकी कोणाला देहबोलीचे धडे मिळाले होते? त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही होते, ते सांगितलेच पाहिजे अशी निकड होती आणि मागे माणसे उभी होती. आत्मविश्वास या तीन गोष्टींतून घडतो. तो एकट्याच्या डोक्यात सापडणारा गुण नाही; आपण बोललो तर काही घडेल आणि आपल्यावर गदा आली तर कोणी धावून येईल, या अनुभवाचे ते फळ आहे.

बाजारातले वर्ग नेमका हाच अनुभव वगळतात. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कोठे पाहता, या प्रश्नाचे साचेबंद उत्तर तेथे घोकून घेतले जाते. पण पाच वर्षे कंत्राटावरच ठेवणार काय, हा उलट प्रश्न कसा विचारावा, हे शिकविले जात नाही. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा भरला जातो की नाही, हे कसे तपासावे. जादा तासांचा मोबदला कसा मागावा. अपमान करणाऱ्या मुकादमाला काय उत्तर द्यावे, यांतले काहीही त्या अभ्यासक्रमात नसते. तेथे संभाषण शिकविले जाते ते पसंत पडण्यासाठी. हक्क सांगण्यासाठी नव्हे.

आणि हे घडते आहे ते कोणत्या काळात? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने सर्वच आस्थापनांत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. पूर्वी नोटिशीचे असे बंधन सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते. अनेक संघटना असतील तेथे एकमेव वाटाघाटीदार संघटना म्हणून मान्यतेसाठी ५१ टक्के सभासदत्वाची अट आली. याचा अर्थ असा की, श्रमिकांच्या सामुदायिक आवाजाभोवतीचा फास आवळला जात असतानाच एकेकट्या श्रमिकाला आवाज कमावण्याचे धडे पैसे घेऊन दिले जात आहेत. हा योगायोग असेल; पण मालकवर्गाला तो सोयीचा आहे, यात संशय नाही.

तथापि एवढे म्हणून कार्यकर्त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. ऊसतोड कामगाराची मुलगी पदवी घेऊन मुलाखतीला जाते आणि दारातच तिच्या घशाला कोरड पडते. तिची भीती खरी आहे. ती वर्गाला पैसे भरते म्हणून तिला मध्यमवर्गीय मोहात सापडलेली ठरविणे हा शुद्ध उद्धटपणा होय. तिला नोकरी हवी आहे, क्रांतीची तारीख नको आहे. बोलण्याची कला ही कला आहेच. सरावाने ती येते. प्रश्न एवढाच की, हा सराव तिला बाजाराच्या दारी जाऊन का घ्यावा लागतो? चळवळीच्या दारी तो का मिळत नाही?

याचे उत्तर कटू आहे. चळवळीच्या सभांत व्यासपीठावरचे चार जण बोलतात आणि समोरचे चारशे ऐकतात. नेत्याचे भाषण तासभर चालते. कामगाराला ध्वनिक्षेपक मिळतो तो घोषणा देण्यापुरता. अभ्यासवर्ग भरलेच तर त्यांत व्याख्याने होतात, अभ्यास होत नाही. राज्याने २०११ साली पंचायत संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. पण किती गावांत सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारून त्यांचे यजमानच बोलतात! त्या यजमानांत पुरोगामी पक्षांचे कार्यकर्ते नाहीत, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? ज्या चळवळीने मुक्यांना वाचा देण्याची प्रतिज्ञा केली, तिनेच त्यांना श्रोते करून ठेवले आणि ती रिकामी जागा बाजाराने भरली.

ती परत मिळविण्यास मोठा निधी लागत नाही. शाखेच्या बैठकीचे अध्यक्षस्थान आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम प्रत्येकाकडे पाळीपाळीने यावे. सर्व जण एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये आणि हा नियम प्रथम नेत्यांना लागू व्हावा. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांनी एकत्र बसून पंचायतीचे अंदाजपत्रक वाचावे, कोणता प्रश्न कोणी विचारायचा ते ठरवावे आणि एकीला गप्प बसविले तर दुसरीने उठावे. तरुणांसाठी मुलाखतीचा सराव विनामूल्य चालवावा, मराठीत आणि इंग्रजीतही. परंतु त्याच वर्गात नियुक्तिपत्र, पगारपत्रक व भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब वाचावयासही शिकवावे. अशा वर्गातून निघालेला तरुण नोकरीही मिळवील आणि नोकरीत गेल्यावर ताठ मानेने उभाही राहील.

अर्थात, केवळ बोलता आल्याने कामे निर्माण होणार नाहीत. ती निर्माण व्हावीत म्हणून जो लढा द्यावा लागेल, त्यात मात्र बोलणारी माणसे लागतील. चार नव्हेत, चारशेच्या चारशे. ती तयार करण्याचे काम बाजार करणार नाही, कारण ते त्याच्या हिताचे नाही. ज्यांच्या हिताचे आहे त्यांनी पुढच्याच बैठकीपासून ते हाती घ्यावे आणि त्याची सुरुवात स्वतः थोडे कमी बोलण्यापासून करावी.