परमुलखातला जखमी आणि आपण

१/ ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३.५६ वाजता किल्लारी हादरली. ओळखदेख नसलेली माणसे लातूरकडे धावली, ढिगारे उपसू लागली.

२/ मग हुजूर साहिबला निघालेला परप्रांतीय यात्रेकरू नांदेडच्या रस्त्यावर जखमी पडला, तर तोच समाज नुसता भोवती का उभा राहतो? करुणा आटली म्हणून नव्हे. भूकंपात मदतकर्त्यावर कोणी संशय घेत नाही; अपघातात त्यालाच पोलीस-कोर्टाचे भय वाटते. शिवाय गर्दीत प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पुढे होईल.

३/ ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याला संरक्षण दिले. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

४/ भयाला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. उरला आहे तो आपला संकोच.