भिंत मालकाची, बिऱ्हाड भाडेकरूचे

पावसाळा सरला की ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील भाड्याच्या घरांतून एकच गाऱ्हाणे ऐकू येते. भिंतींना ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. पण मालक स्वतः रंग देत नाहीत आणि भाडेकरूसही देऊ देत नाहीत. हा हट्ट अनाठायी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९४७ च्या भाडे कायद्याने जागा वर्षानुवर्षे अडकून पडल्या. तेव्हा मालकवर्गाची धास्ती समजण्याजोगी आहे. परंतु लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणाऱ्या भाडेकरूविरुद्ध १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये ताबा मागता येतो. रंगाचा हात म्हणजे काही बांधकाम नव्हे! उलट, करारात अन्यथा ठरले नसल्यास दुरुस्ती मालकाकडेच आहे. नोटिशीनंतर १५ दिवसांत ती न झाल्यास भाडेकरूने ती करून, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत खर्च वळता करून घ्यावा, अशी मुभा याच कायद्यात आहे.

मात्र आज कित्येक बिऱ्हाडे ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात. कायद्याच्या लेखी ती मंडळी भाडेकरू नव्हेत, परवानाधारक होत. त्यांची सारी भिस्त करारावर. म्हणून करारातच स्पष्ट कलम असावे: गळती मालकाने थांबवावी, फिकट रंग राहणाऱ्याने स्वखर्चाने द्यावा, आणि त्या रंगापायी अनामत रक्कम कापली जाऊ नये.

मालकांनी हे कलम आपण होऊन घालावे. निगा राखलेले घर अखेर त्यांच्याच हाती परत येणार आहे.