अंतराचे कवच गेले, कागदाचे उरले

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरचे कोहमारा हे गोंदिया जिल्ह्यातील नाक्याचे गाव. येथून गोंदियाकडे वळणाऱ्या प्रवाशाला पाकिस्तानची वा चीनची सीमा दूरचित्रवाणीवरील विषय वाटली तर नवल नाही. देशाच्या मध्यभागी असण्याचा हा दिलासा संरक्षणाच्या विचारातही होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर आयुध निर्माणींचा विस्तार झाला, त्यात विदर्भाला मोठा वाटा मिळाला. याच महामार्गाने पश्चिमेस गेले की लागणारी भंडाऱ्याजवळील जवाहरनगरची निर्माणी १९६४ ची, नागपूरची अंबाझरी १९६६ ची. सीमेपासूनचे अंतर हेच त्यांचे कवच मानले जाई.

ते कवच आता उरलेले नाही. पाकिस्तानने मार्च २०१५ मध्ये चाचणी घेतलेल्या शाहीन-३ क्षेपणास्त्राचा पल्ला २,७५० किलोमीटर सांगितला जातो. चीनच्या पल्ल्याबद्दल तर बोलायलाच नको. अशा वेळी उरतात ते करार.

त्यांतला सर्वांत चिवट करार ३१ डिसेंबर १९८८ चा. इस्रायलने १९८१ मध्ये इराकची अणुभट्टी उद्ध्वस्त केल्यापासून कहुतावर भारत तसाच हल्ला करील, ही इस्लामाबादची धास्ती होती. १९८५ मध्ये राजीव गांधी व झिया यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याची तोंडी समजूत झाली. पुढे राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत तिचा करार झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. ज्या महाराष्ट्रात तारापूर आणि तुर्भे आहेत, त्याला हा व्यवहार परका नाही. कारगिल, २००१-०२ ची सैन्यजमवाजमव, मुंबईवरचा हल्ला, पुलवामा, कशानेही त्यात खंड पडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिंधू जलकरार स्थगित झाला, मे महिन्यात चार दिवस क्षेपणास्त्रे व ड्रोन उडाले. तरी १ जानेवारी २०२६ रोजी याद्या पोहोचल्याच.

यादीत काय लपवले जाते, हे तपासण्याची सोय नाही, हा आक्षेप खरा आहे. पण फुटलेल्या अणुकेंद्राची धूळ सीमा ओळखत नाही, हे दोन्ही बाजूंना कळते, एवढे तरी ती सांगते.

खरी उणीव अन्यत्र आहे. क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे ब्राह्मोस चुकून सुटून पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे पडले; ते क्रूझ क्षेपणास्त्र. सुदैवाने त्यावर अस्त्र नव्हते. हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. प्रत्यक्ष युद्धाच्या तापात अशी चूक घडली असती, तर समोरच्याने ती चूक मानली असती काय? मे २०२५ च्या संघर्षात दोन देशांच्या हाती हीच अस्त्रे अधिक होती. किराणा टेकड्यांवर हल्ला झाल्याची अफवा पसरताच हवाई दलाला जाहीर इन्कार करावा लागला, तो उगाच नव्हे.

चीनशी तर असा एकही अणुकरार नाही. प्रथम वापर न करण्याची घोषणा चीनने १९६४ मध्येच केली. भारताने २००३ मध्ये आपले धोरण जाहीर केले. मात्र भारताला अण्वस्त्रधारी देश म्हणून मान्यता देण्यास बीजिंग तयार नसल्याने बोलणी पुढे सरकत नाहीत. १९९३ आणि १९९६ च्या सीमाकरारांनी गोळीबार दीर्घकाळ रोखला, पण जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाले. म्हणजे कागदही फाटतो. तो फाटण्याआधी क्रूझ क्षेपणास्त्रांना २००५ च्या करारात आणण्याचा प्रस्ताव दिल्लीने मांडावा. त्यात कोणाचा भूभाग जात नाही की कोणाची बाजू कमकुवत होत नाही, आणि इस्लामाबादशी संवाद तुटलेला असला तरी तो याद्यांच्या त्याच मार्गाने पाठवता येईल.