परतीच्या अटीचे मोल

रेसिडेन्सीसाठी जे-१ व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या डॉक्टराने प्रशिक्षण संपताच दोन वर्षे मायदेशी राहावे, अशी तेथील कायद्याची अट आहे. शिकलेली विद्या मायदेशाच्या उपयोगी पडावी, हा तिचा हेतू. मात्र १९९४ साली आलेल्या कॉनराड योजनेने त्यातून पळवाट नव्हे, चांगला राजमार्गच काढला. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा करा, परतीची अट माफ! प्रत्येक राज्य आज वर्षाला अशा ३० डॉक्टरांपर्यंत शिफारस करू शकते. तेथील रुग्णांना डॉक्टर मिळतो, डॉक्टरला स्थैर्य मिळते; अट ज्याच्यासाठी घातली, त्या देशाला कोणी विचारीतही नाही.

जाणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. आपल्या मंडळातीलच किती घरांची मुले तिकडे आहेत! मला सलते ते निराळेच. आडगावी डॉक्टर हवा असला की अमेरिका त्याला हवे ते देऊ करते. आपण मध्य प्रदेशात ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून घेतो आणि दंड भरणाऱ्यास मोकळे करतो. झाबुआ-अलिराजपूरकडचे अत्यवस्थ बालक मग इंदूरची वाट धरते. दंड वाढविण्यापेक्षा त्या सेवेला राहण्याजोगे घर, जोडीला दुसरा डॉक्टर आणि पुढील शिक्षणाची हमी जोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.