करदोडा

भोगीला गावी जाऊन आलो. गाव म्हणजे आमचं लिंबागणेश. मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की येतं. भालचंद्र गणपतीमुळे तुमच्यापैकी काहींनी नाव तरी ऐकलं असेल. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोण्याचा गोळा... वर्णन करत बसलो तर पोस्ट तिथेच संपेल, म्हणून आवरतो.

तर जेवताना विषय निघाला वजनाचा. हल्ली आमच्याकडे मयतीला जमलेली माणसंही वजनावर बोलतात. २०१८ च्या सुमारास लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची भाषणं मोबाईलवर फिरायला लागली, तेव्हापासूनचं हे. कै. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली कल्पना त्यांनी पुढे नेली: दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं आणि ४५ मिनिटं चालायचं. आमच्या मेहुण्यांचं पोट खरंच उतरलं. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांना मानणारी आमची वहिनी. थोडं थोडं खा, तूप सोडू नका, आपल्या मातीतलं खा. दोघांची जुंपली की ताटातली भाकरी गार होते.

दादा मात्र शांत जेवत होता. त्याचं म्हणणं एकच, "हे जाड्या माणसांचे उद्योग. वाळलेल्या लाकडाला कुठली आलीय साखर!"

माझा घास तिथेच अडकला. कारण हेच वाक्य नानांचं होतं.

नाना, म्हणजे आमचे वडील, आयुष्यभर ५४ किलोच्या वर गेले नाहीत. काटक म्हणायचे लोक त्यांना. साखर श्रीमंतांना होते, खुर्चीवर बसणाऱ्यांना होते, अशी घरात सगळ्यांचीच पक्की समजूत, त्यात मीही आलो. २०११ साली पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं, जखम दोन महिने भरेना. शेवटी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली तेव्हा कळलं की साखर कित्येक वर्षांपासून होती. कुणी तपासलीच नव्हती. तपासणार तरी कशाला, माणूस तर बारीक!

पुढे मी याबद्दल वाचत गेलो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघेही सारखेच सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, बीएमआय, तो दोघांचाही २२.३. पण यंत्रातून चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक, आतून चरबी. ती हातापायांवर दिसत नाही, पोटात दडून बसते. म्हणून वजनाचा काटा आपल्या माणसांना खोटा धीर देतो, असं माझं मत झालंय.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण आपल्या बाळांचं जे कमी होतं ते स्नायूंचं आणि अवयवांचं. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पोटात असताना उपासमार सोसलेलं मूल जणू साठवायलाच शिकून येतं. पुढे पोटभर मिळायला लागलं की तेच अंगाशी येतं.

दादाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आई सांगते, त्याच्या वेळेस ती सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला जात होती. सुकडी मिळायची, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी. "घशाखाली उतरत नव्हती रे, पण पोटातल्यासाठी खायचे." आता हे सगळं दादाच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण झोप उडवायला एवढं पुरेसं आहे.

बरं, जुनं खाणं सगळं चांगलं आणि नवं वाईट, असंही मला म्हणायचं नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हा शहरातल्या लोकांनी भाकरीला डोक्यावर घेतलं. भाकरी चांगलीच, तिच्यात चोथा असतो. पण शेवटी तीही पिष्टच. चार भाकऱ्या आजोबांना पचत कारण ते दिवसभर औतामागे चालत. दादा शेतात मोटारसायकलवर जातो आणि भाकऱ्या मात्र चारच खातो. त्यात आता ज्वारीच्या रानात सोयाबीन आलंय, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून दुपारी भाकरी आणि रात्री वर भाताचा डोंगर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की ताकदीचा ४५ टक्क्यांहून जास्त वाटा धान्याचा नसावा. आमच्या ताटात तो किती असेल याचा हिशोब करायची भीती वाटते. मठाची उसळ, हुलग्याचे शेंगोळे हे आठवड्यातून एकदा, तेही पाहुणा आला तर. आणि चहा! सकाळपासून सात-आठ कप, साखर चमच्याने नाही, मुठीने. (आई, कुणीतरी हे तुला वाचून दाखवणारच आहे. रागावू नकोस. तुझ्या हातचा चहा गोडच असतो, तक्रार तीच आहे.)

जेवण झाल्यावर मी दादाला म्हटलं, वजन राहू दे, करदोडा दाखव. तो हसला. म्हणाला, "दोन वर्षांत दोनदा बदलला, काचतोय." वहिनीने शिवणकामाचा टेप आणला. बेंबीच्या रेषेत साडेछत्तीस इंच. पुरुषांसाठी धोक्याची खूण ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस, बायकांसाठी ८०. दादाचं वजन ५८ किलो, उंची पाच फूट चार इंच. तक्त्यात बघाल तर अगदी झकास.

मेहुणे म्हणाले, चला, उद्यापासून दोनच वेळा. मी म्हटलं, आधी रक्त. उपाशीपोटीचं, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारंही. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे बघत म्हणाला, "सोमवारी बीडला जायचंच आहे खताचं बघायला. तू थांबणार असशील तर जाऊ."

रविवारचं परतीचं तिकीट होतं. रद्द केलं.