पहिलं गिऱ्हाईक

मालवणच्या बाजारात उतरणारी बरीचशी भाजी घाटावरून येते. तीच वाट उलटी धरून, कुडाळ-सावंतवाडी मागे टाकून आंबोलीचा घाट चढलं आणि आजऱ्यावरून पुढे गेलं की गडहिंग्लज तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या हासूरसासगिरी गावच्या शांताबाई श्रीपती यादव यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. देशातली पहिली महिला नाभिक म्हणून त्यांचं नाव घेतात. पहिली कोण आणि दुसरी कोण, हे कोणी ठरवावं? मला त्या मानापेक्षा त्यांच्या कामाचा पहिला दिवस मोठा वाटतो.

शांताबाईंचे वडील हाच व्यवसाय करायचे आणि नवराही. वयाच्या बाराव्या वर्षी लग्न होऊन त्या आर्दाळला नांदायला आल्या. जमीन भावाभावांत वाटली गेली, वाट्याला आली ती एकराच्या आतली. बलुत्यावर घर चालेना. हासूरसासगिरीत तेव्हा नाभिक नव्हता, म्हणून तिथले जाणते पुढारी हरिभाऊ कडूकर यांनी श्रीपतींना गावात येऊन राहायला सांगितलं. बिऱ्हाड हललं, चार पैसे मिळू लागले. सहा मुली झाल्या, त्यातल्या दोन लहानपणीच गेल्या. आणि 1984 साली श्रीपतींचं हृदयविकाराने निधन झालं.

मागे राहिल्या शांताबाई आणि चार लहान मुली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबलं तर हातात आठ आणे पडत. पाच तोंडांना ते कसे पुरणार? मुलींसकट जीव द्यावा, इथपर्यंत विचार गेला होता. तेव्हा हरिभाऊंनी त्यांना सांगितलं, नवऱ्याचं काम तू पुढे चालव.

आज हे वाक्य साधं वाटेल. त्यामागे काय होतं हे कळायला त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं. आपल्याकडच्या उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरायचा. देवरुखच्या गोदूबाई, म्हणजे पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या बाया कर्वे, आपल्याच कोकणातल्या. केशवपन म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. या रूढीविरुद्ध लेख पुष्कळ लिहिले गेले, भाषणंही झाली. पण 1890 च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून, आम्ही विधवांची डोकी भादरणार नाही, असं जाहीर केलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्यांनीच तो खाली ठेवला. महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासात हे पान मला फार मोलाचं वाटतं, आणि शाळेत ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, याचं वाईटही वाटतं.

त्याच हत्याराला 1984 मध्ये एका विधवा बाईने हात घातला, आणि तोही गावातल्या पुरुषांची दाढी करायला.

दाढी करून घेणारा माणूस किती भरवशाने बसतो, हे मी लहानपणी आमच्या खळ्यात पाहिलं आहे. गावचे नाभिक काका सकाळी धोकटी घेऊन यायचे. आजोबा पाटावर, काका समोर उकिडवे. वाटीतलं पाणी गालाला चोळून चोळून ते दाढी मऊ करायचे. मग डाव्या अंगठ्याने कानाजवळची कातडी ताणून धरायची आणि वस्तरा वरून खाली असा आणायचा, की केस कापल्याची बारीक करकर ओटीवर ऐकू यावी. हनुवटीखाली आले की दोन बोटांनी मान मागे रेलवायची. त्या क्षणी आजोबा डोळे मिटून घेत. घरात ज्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नसे, त्यांचा गळा काकांच्या हातात असे.

गळा असा एका बाईच्या हाती देणं गावातल्या पुरुषाला किती जड गेलं असेल! शिकाऊ हात, चारचौघांची नजर, मागून हसणारे लोक. अशा वेळी हरिभाऊ कडूकर स्वतः शांताबाईंसमोर जाऊन बसले. सल्ला देणारे गावोगाव भेटतात. आपण दिलेल्या सल्ल्याखाली स्वतःची मान ठेवणारा हा माणूस होता. शांताबाईंची हिंमत मोठीच, पण हरिभाऊंचं नावही तिच्याबरोबर लिहिलं गेलं पाहिजे.

मग काम वाढत गेलं. आसपासच्या कडाळ, हिडदुगी, नरेवाडी या गावांत नाभिक नव्हते. तिथे शांताबाई पायी जायच्या. माणसाची हजामत एक रुपयाला. त्या म्हशीही भादरायच्या, त्याचे पाच रुपये. दाव्याला बांधलेली म्हैस पाठीवर धार लागताच अंग थरथरवते, लाथही झाडते. तिच्या कलाने घ्यावं लागतं. हे कष्टाचं काम त्यांनी कधी कमी लेखलं नाही. सरकारी योजनेतून घर मिळालं. चारही मुलींची लग्नं त्यांनी कोणापुढे हात न पसरता करून दिली, आणि त्या आजी झाल्या.

सत्तरीला आल्या तेव्हा त्यांची गोष्ट वर्तमानपत्रांतून आली. ती मी आमच्या आजीला वाचून दाखवली. मला वाटलं होतं, ती नाक मुरडेल. ती म्हणाली, "बरा केल्यान तिना. पोरां उपाशी ऱ्हवली आसती तर लोक जेवक घालूक येवचे नाय होते." आजोबांच्या मागे आजीने कितीतरी वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी मागीलदारी बसून काढली होती. त्यामुळे हे ती सहज बोलली असं मला वाटत नाही.

पुढे 2019 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बनवारी टोला गावच्या ज्योती आणि नेहा या बहिणींपुढे सचिन तेंडुलकर दाढीला बसला, आणि ती बातमी देशभर गेली. वडील आजारी पडल्यावर त्या मुलींनी सुरुवातीला मुलांचा वेश करून दुकान चालवलं होतं. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग राज्य सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. हेरवाड आणि हासूरसासगिरी, दोन्ही गावं कोल्हापूर जिल्ह्यातली. ठरावाच्या 38 वर्षं आधी शांताबाईंनी धोकटी उघडली होती, हे त्या दिवशी कोणाला आठवलं असेल तर मला आनंद होईल.

आमच्या किनारपट्टीवर बायका मासे विकतात, खानावळी चालवतात, बाजारात पुरुषांना उभ्याउभ्या गप्प करतात. तरीही आमच्या वाडीत नाभिक काकांनंतर कोणी उरलं नाही, तेव्हा धोकटी त्यांच्या सुनेने घ्यावी, असं एकाही घरातून निघालं नाही. मुलगा गोव्याला गेला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची दाढी आठवडेच्या आठवडे वाढत राहते. कोणी तरी रिक्षा करून सलूनवाल्याला आणतो, तेव्हा ती होते.

हासूरसासगिरीतही पुढे सलून झाली आणि तरुण मुलं तिकडे वळली. शांताबाईंकडे राहिली ती जुनी गिऱ्हाइकं आणि गुरं. वाटेवर सलून असूनही ती माणसं शांताबाईंकडेच जात राहिली.