क्युअरिंग: पाणी मारायचे की सुकवायचे?



काही वर्षांपूर्वी खेड तालुक्यातल्या एका बैठकीत मी रब्बी कांद्यावर बोलत होतो. शेवटी सांगितले, "चाळीत भरण्याआधी क्युअरिंग मात्र नीट करा." मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "साहेब, कांद्यावर पाणी किती दिवस मारायचं?"

बैठक हसली. मला मात्र घाम फुटला. बाईंच्या घराचा स्लॅब त्याच आठवड्यात टाकला होता. गवंड्याने बजावले होते, "क्युरिंग करा, निदान ७ दिवस पाणी मारा." शब्द तोच. चूक माझी होती. बाईंनी विचारले नसते तर?

घरी येऊन शब्दकोश काढला. मूळ लॅटिन शब्द 'कुरा', म्हणजे काळजी. वस्तुसंग्रहालय सांभाळणारा क्युरेटर याच घराण्यातला. काळजी घेण्यावरून रोग बरा करणे हा अर्थ आला, आणि पुढे माल टिकाऊ करणे हाही. म्हणून मासे खारवणे, तंबाखू सुकवणे, हळद शिजवून वाळवणे, सगळ्याला इंग्रज क्युअरिंगच म्हणतो. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, त्याला ओल हवी. कांद्याची गोष्ट उलटी.

कांद्यात 'बरे करणे' हा अर्थही चपखल बसतो. पात कापली की मान ही उघडी जखमच. ती सुकून मिटली नाही तर सडवणारे जंतू तिथूनच आत जातात, आणि एक सडका कांदा शेजारच्यांना नासवतो.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची पद्धत साधी आहे. निम्म्या माना पडल्या की कांदा काढावा. तो पातीसकट ३ दिवस शेतातच ठेवावा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग पिळा देऊन, इंचभर मान राखून पात कापावी. हिरवी पात मुळाशी छाटायची घाई अनेकजण करतात, तिथेच घात होतो. पुढे १० ते १२ दिवस सावलीत पातळ थर.

चाळ भरण्याआधी घरातल्या कोणीही मान चिमटीत दाबून पाहावी. ओलसर, निसटती लागली तर कांदा अजून दोन दिवस सावलीतच राहू द्यावा.